तांतेचं दुसरं ताट

दर बुधवारी तांते स्वतःच्याच आत्म्याला जेवायला बोलवायची. डोक्याला इस्त्रीचा रुमाल, कानात सोन्याच्या रिंगा, टेबलावर पांढरं कापड आणि दोन ताटं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणी पाहुणा यायचाय. "आलाय की! माझी क्रा," ती म्हणाली. क्रा म्हणजे आत्मा. "आठवडाभर हिला राबवते, एक दिवस तरी गोडधोड नको?" तांते बुधवारी जन्मली होती, म्हणून तिच्या क्राचा वार बुधवार.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. नेदरलँड्समधल्या कापेल आन डेन आयसेल गावात ती आमची भिंतीला भिंत लागून शेजारीण होती. तांते म्हणजे मावशी. अख्खी इमारत तिला तेच म्हणायची, आणि मावशीला कुणी अहो-जाहो करत नाही. ती मूळची सुरिनामची. तिथे गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी मालकांच्या नजरेआड जपलेला विंती हा धर्म तिला आजीकडून मिळाला होता. तरी रविवारी ती चर्चलाही जायची. "देवाला चालतं. पाद्र्याला सांगू नकोस म्हणजे झालं."

पेय कुठलंही असो, पहिला घोट ती गॅलरीतल्या कुंडीत ओतायची. तो जमिनीच्या आईचा. याला माझा नवरा मंदार अंधश्रद्धा म्हणायचा. दसऱ्याला स्वतःच्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहताना मात्र त्याच्यातला इंजिनिअर कुठे जायचा, कोण जाणे.

त्या शरद ऋतूत आमची चार वर्षांची सई इमारतीमागच्या पाण्याच्या चरात पडली. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका माणसाने तिला लगेच बाहेर काढलं. हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या डॉक्टरने, तपासून ठणठणीत असल्याचं सांगितलं. पण सई बोलायची थांबली. रडलीही नाही. आंघोळीचं नाव काढलं की टेबलाखाली जाऊन बसायची. आम्ही तिला कुरवाळत, पुण्याहून आजी-आजोबा फोनवरून, सगळे एकच म्हणत होतो, "काही नाही झालं हं, बाळा." आतून माझं धाबं दणाणलं होतं.

तांतेला सांगितलं तर ती भडकलीच. "झालं नाही कसं? पोरीची क्रा भेदरून पळालीय. आणि तुम्ही सगळे मिळून तिला खोटं पाडताय!"

सईचा जन्म गुरुवारचा. त्या गुरुवारी तांतेने भोपळ्याच्या कवचाचं मोठं भांडं काढलं, त्यात कोमट पाणी, फुलांच्या पाकळ्या, थोडं अत्तर घातलं आणि ते सईपासून लांब, जमिनीवर ठेवलं. मंदार "मी फक्त बघतोय" असं जाहीर करून दारात उभा राहिला. तांते आपल्या भाषेत बराच वेळ पुटपुटली आणि मग माझ्याकडे वळली.

"आता तू बोलव. तुझ्या भाषेत. तिची क्रा मला कुठली ओळखायला?"

मी खाली बसले. मग म्हटलं, "सई, तू पाण्यात पडलीस. खूप मोठं झालं ते. तू घाबरलीस आणि आम्ही कुणी ते ऐकूनच घेतलं नाही. चुकलं आमचं. ये गं बाई घरी."

सई सरकत सरकत भांड्यापाशी आली. बोट बुडवलं, झटकन मागे घेतलं. तिचा चेहरा वाकडा झाला. "आई, पाणी काळं होतं," ती म्हणाली आणि तिने भोकाड पसरलं. रडणाऱ्या त्या पोरीचे हातपाय तांतेने सावकाश, गाणं गुणगुणत धुतले. हे पाण्याने केलं, तांतेने केलं की आपोआप झालं, मला सांगता येत नाही. मी तांतेला जन्मभराचा जीव लावून बसले, एवढं खरं.

पुढच्या हिवाळ्यात तांते झोपेतच गेली. शाळेतून येणाऱ्या सईला काय सांगायचं, हा प्रश्न होता.

"सुरिनामला गेली म्हणून सांगूया," मंदार म्हणाला. "पुन्हा गप्प झाली तर?"

तीच भीती मलाही होती. पण सई आल्यावर मी तिला मांडीवर घेतलं. "तांते वारली, बाळा. आता ती आपल्याला भेटणार नाही. मला फार वाईट वाटतंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीच बोलेना. मंदारने माझा खांदा घट्ट धरला. आणि मग सईने हंबरडा फोडला. पाय आपटले, मला गुद्दे मारले, "नेइ, नेइ", म्हणजे नाही, नाही, असं ओरडत घर डोक्यावर घेतलं. मी तिला गप्प केलं नाही.