वीतभर अंतर

माझ्या भावाने व्यावसायिक गोल्फ खेळायचं जाहीर केलं, त्याला काही वर्षं झाली. गोल्फमध्ये एकदा असं जाहीर केलं की हौशी खेळाडूंच्या स्पर्धा बंद होतात. परतायचं तर अर्ज करून वाट पाहावी लागते. हे त्याला माहीत होतं. मला त्याने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी विजय नगरमधली नोकरी सोडली.

वडील क्लबचे सदस्य होते, म्हणून तो तिथे शिकला. छत्रीबागेतल्या आमच्या घरात बाकी कुणाला या खेळातलं काही कळत नसे. रविवारी त्याचा ठरलेला गट असे: तो, एक डॉक्टर आणि कापडाचे दोन व्यापारी. त्यांची एक रीत होती. चेंडू होलपासून वीतभर अंतरावर थांबला की शेवटचा फटका मारायचा नाही. कुणीतरी म्हणे, "हो गया भिया, उठा ले," की चेंडू उचलून पुढे निघायचं. फटका मोजला जाई, मारला जात नसे. क्लबात पोहे वाट पाहत असत, आणि निवलेले पोहे इंदूरमध्ये कुणी खात नाही. समोरासमोरच्या सामन्यात अशी सूट नियमातही बसते; त्याला फटका 'देणं' म्हणतात. हौशी म्हणून भावाने जिंकलेले बरेच सामने त्याच प्रकारचे होते.

व्यावसायिक व्हावं, हा आग्रह याच गटाचा. इथे कशाला सडतोस, असं डॉक्टर दर रविवारी म्हणत.

व्यावसायिक स्पर्धांत खेळायला आधी पात्रता फेरी पार करावी लागते. ती दुसऱ्या राज्यात होती. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवरून रजा घेऊन गेले. तिथे प्रत्येक फटका मारावाच लागतो आणि ग्रीनवरचा, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरचा, चेंडू उचलण्याआधी त्याच्या मागे खूण ठेवावी लागते.

शेवटच्या दिवशी, पाच होल उरले असताना, त्याचा लांबचा फटका होलच्या अगदी तोंडाशी येऊन थांबला. चांगला फटका होता. भाऊ चालत गेला, वाकला आणि चेंडू उचलून खिशात टाकला.

सोबत खेळणारा मुलगा हळू आवाजात म्हणाला, "सर, आपने मार्क नहीं किया."

भाऊ त्याच्याकडे पाहून हसला. मग त्याचा हात खिशातच थांबला.

पंच आले. एका फटक्याचा दंड लागला. चेंडू परत जागेवर ठेवून भावाने तो होलमध्ये टाकला. संध्याकाळी यादी लागली तेव्हा तो एका फटक्याने बाहेर होता. परतीच्या गाडीत तो एवढंच म्हणाला, "ताई, मला वाटलं कुणीतरी म्हणालं, उठा ले."

क्लबात सगळे हळहळले. दोघा व्यापाऱ्यांतले मोठे म्हणाले, "एक ही शॉट? अरे यार, इतना तो हम दे देते थे." ते मनापासून बोलत होते.

पुढची दोन्ही वर्षं तो पुन्हा गेला. तेव्हा तो बऱ्याच फटक्यांनी बाहेर राहिला; एका फटक्याचा प्रश्नच उरला नव्हता.

आता क्लबाने त्याला सदस्यांना शिकवायला ठेवलं आहे. हौशी विजेत्यांच्या पाटीवर त्याचं नाव अजून सोनेरी अक्षरांत आहे. ती पाटी आतल्या दालनात लावलेली आहे आणि नोकरीवरचे लोक तिथे बसत नाहीत. त्याचे पोहे बाहेर, सरावाच्या मैदानाजवळच्या शेडमध्ये येतात. रविवारचा गट तोच आहे. चौथ्या जागी डॉक्टरांचे जावई खेळतात.

गेल्या महिन्यात मी त्याला आणायला गेले होते. तो गटातल्या त्याच मोठ्या व्यापाऱ्यांना शिकवत होता. त्यांचा चेंडू होलपासून वीतभरावर थांबला आणि ते वाकले.

"साहेब, मारा तो," भाऊ म्हणाला. "सवय राहते."

"छोड़ो ना भिया, पोहे थंडे होतायत," ते म्हणाले. चेंडू तोवर त्यांच्या हातात होता.

भावाने क्षणभर त्या हाताकडे पाहिलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "दिला."

आणि त्यांची बॅग उचलून तो मागोमाग चालू लागला.