हथुवीची शेकोटी

आम्हाला जिंकून ख्रिस्ती करणाऱ्या कार्ल राजाच्या कायद्याने आम्हा सॅक्सनांना प्रेत जाळण्यास बंदी केली, शिक्षा मृत्यूची. त्याच वर्षी हथुवीचा नवरा वारला. ‘मला जाळ, मातीत कुजवू नकोस,’ असे वचन त्याने तिच्याकडून घेतले होते. पण घरात तीन मुली होत्या. तिने त्याला पुरले.

दर वर्षी त्या दिवशी ती थडग्यावर काटक्या पेटवू लागली.

“बाई, हे काय चाललंय?” पाद्रीबाबांनी विचारले.

“लापशी शिजवतेय, बाबा. घरची चूल धुमसते.”

“आणि भांडं?”

तिने आणखी एक काटकी जाळात सारली.

“पुढच्या खेपेला भांडं आण,” ते हळूच म्हणाले.

तिचे नातू राजाच्याच शाळेत अक्षरे शिकले. ती मात्र मरेपर्यंत दर वर्षी थडग्यावर भांडे नेऊन काटक्या पेटवत राहिली. जाळ नवऱ्यापर्यंत पोचत नाही, हे तिला ठाऊक होते.