टायर येईपर्यंत दुसऱ्या राष्ट्रात

सासूबाई नागपूरहून आल्याला दीड महिना झाला होता आणि आमच्या अमेरिकेतल्या, ट्रॉयच्या घरात सुधारण्यासारखं काही उरलं नव्हतं. मसाल्याचे डबे नव्याने लावून झाले, पडदे बदलून झाले, शेजारच्या तेलुगू काकूंना पुरणपोळी शिकवून झाली. आई (मी त्यांना आईच म्हणतो) वीज मंडळातून निवृत्त झाल्या, पण त्यांचा खरा जीव कर्मचारी संघटनेत. निवडणूक म्हटली की त्यांना भूक लागत नाही, झोप लागत नाही. इथे मात्र त्या रोज खिडकीतून रिकामा रस्ता बघायच्या आणि म्हणायच्या, "मोर्चा नाही, सभा नाही, साधं भांडणही नाही. कसे राहून राहिले बाप्पा तुम्ही लोक इथे?"

शेवटी केतकीनेच, म्हणजे माझ्या बायकोने, तोडगा काढला. "निखिल, तू आईला आणि इराला घेऊन उत्तरेला जा. पानगळीचे फॉल कलर्स बघून या. मला या वीकेंडला काम आहे." काम खरंच होतं का, हे मी विचारलं नाही. लग्न मुरलं की माणूस असले प्रश्न विचारत नाही.

शनिवारी पहाटेच निघालो. ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांच्यासाठी सांगतो: रस्ता सरळ उत्तरेला जातो, चुकायची सोय नाही. साडेचार-पाच तासांत मॅकिनॉचा झुलता पूल येतो. टोल चार डॉलर. पुलावर शक्यतो बाहेरची लेन धरा. आतल्या लेनला डांबर नाही, लोखंडी जाळी आहे, गाडी भुंग्यासारखी गुणगुणते आणि जाळीतून थेट खालचं पाणी दिसतं. मी अर्थातच आतल्या लेनमध्ये होतो. आईंनी डोळे मिटून गणपतीपासून गजानन महाराजांपर्यंत सगळ्यांना हाक मारली. मागून माझी दहा वर्षांची मुलगी इरा ओरडली, "बाबा, डू इट अगेन!"

पूल ओलांडला की पेस्टी खायचीच. खाणकामगार डब्यात न्यायचे तो पदार्थ: मैद्याच्या जाड पारीत बटाटा, कांदा आणि मांस. भाज्यांचीही मिळते. एक पेस्टी दोघांना पुरते. आईंनी एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, "करंजीच आहे. फक्त सारण घालताना कोणी मीठ-तिखटाची आठवण केली नाही." मग पर्समधून आंब्याच्या लोणच्याची बाटली निघाली. ही बाटली लक्षात असू द्या, दुसऱ्या दिवशीचं सगळं हिच्यामुळे घडलं.

पुढचा रस्ता सरोवराच्या काठाने जातो. एका बाजूला निळं पाणी, दुसरीकडे लाल-पिवळी झाडं. अशा वेळी डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला. आता, असले दिवे ज्या सॉफ्टवेअरने लागतात ते लिहिण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे मी अधिकारवाणीने म्हणालो, "थंडीत असं होतं. सेन्सरला काही कळत नाही." आणि एका धबधब्याचा शॉर्टकट म्हणून गाडी कच्च्या रस्त्याला घातली.

अर्ध्या तासाने सेन्सरला सगळं कळत होतं हे सिद्ध झालं. डिकीतलं छोटं कामचलाऊ चाक लावताना माझी पाठ धरली, आणि आई छत्री घेऊन बाजूला उभ्या राहिल्या. ऊनही नव्हतं, पाऊसही नव्हता. "अस्वल आलं तर?" म्हणाल्या.

रखडत पहिल्या गॅरेजला पोचलो. तिथला माणूस म्हणाला, "हा साइज माझ्याकडे नाही. सोमवारी येईल." जवळ एकच मोटेल होतं. त्याच्या अलीकडे रस्त्यावर पाटी होती, एका मूलनिवासी राष्ट्राच्या हद्दीत तुमचं स्वागत आहे. राष्ट्राचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत, कारण जागा लहान आहे आणि तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

"राष्ट्र?" आई सावरून बसल्या. "मग पासपोर्ट लागेल नं?" त्यांनी ब्लाउजच्या आतला कापडी बटवा चाचपला.

लागत नाही. पण या लोकांचं स्वतःचं सरकार आहे, न्यायालय आहे, पोलीस आहेत, गाड्यांच्या नंबर प्लेटही स्वतःच्या. अमेरिकेत एवढी वर्षं राहून मला यातलं जवळजवळ काहीच माहीत नव्हतं. मोटेल आणि शेजारचा छोटा कॅसिनोही राष्ट्राच्याच मालकीचा. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलक रोवलेले होते: राष्ट्राच्या कौन्सिलची निवडणूक आठवड्यावर आली होती. मी सहज म्हणालो, "गंमत बघा, निम्म्या फलकांवर आडनाव एकच आहे."

आईंचे डोळे चमकले. दीड महिन्यात पहिल्यांदाच.

"भावकी!" त्या म्हणाल्या. "जावईबापू, टायर आरामात येऊ द्या."

खोली रात्रीला नव्वद डॉलरच्या आसपास, स्वच्छ, खिडकीतून सरोवर. रविवारी सकाळी आईंनी पांढऱ्याशुभ्र चादरीवर बसून ब्रेडला लोणचं लावलं आणि बाटली कलंडली. तेल, हळद, मेथी, सगळं चादरीवर. मी म्हटलं, राहू द्या, ते धुतील. त्या म्हणाल्या, "हळद आहे ती. त्यांना काय माहीत कशी काढायची?" आणि चादरीचं गाठोडं बगलेत मारून लाँड्रीकडे निघाल्या. इरा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आज्जी, धिस इज सो एम्बॅरसिंग." मी दुभाषा म्हणून मागे धावलो. गरज नव्हती. आईंचं इंग्रजी थोडं आहे, पण ते ऑफिसातलं आहे.

"प्लीज नोट," लाँड्रीतल्या बाईंना त्या म्हणाल्या, "धिस इज पिकल. नॉट ब्लड."

बाई आधी दचकल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना ड्रायरला टेकावं लागलं. त्या लोरेन. पन्नाशीच्या, लांब वेणी, लाँड्रीच्या प्रमुख. दोघींनी मिळून चादर साबण लावून उन्हात टाकली, आणि वाळेपर्यंत बोलायचं काय, तर निवडणूक. कारण फलकांवरची एक उमेदवार लोरेनच होती. आणि तिच्या विरोधात, आईंचा अंदाज अचूक, तिचा सख्खा धाकटा भाऊ रे. तो आत्ताच्या कौन्सिलात होता आणि पुन्हा उभा होता. एकाच जागेसाठी बहीण आणि भाऊ.

"भांडण कशावरून? जमीन?" आईंनी विचारलं. मी भाषांतर केलं.

"शिफ्ट," लोरेन म्हणाली. उद्या कामावर कधी यायचं हे मोटेलमधल्या आणि कॅसिनोतल्या लोकांना आदल्या दिवशी संध्याकाळी कळतं. मुलाला कोण सांभाळणार, डॉक्टरकडे कधी जायचं, काही ठरवता येत नाही. तिने भावाला सांगितलं, तो म्हणाला बघू. दोन वर्षं बघू म्हणाला. मग तिने अर्ज भरला.

"आणि तुमच्या आई कोणाला मत देणार?" आईंचा पुढचा प्रश्न.

"ती सांगत नाही," लोरेन म्हणाली. "रोज आम्हा दोघांना एकाच टेबलावर जेवायला बसवते आणि काही सांगत नाही."

"हुशार बाई आहे," आई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी कम्युनिटी हॉलमध्ये उमेदवारांची सभा होती, सगळ्यांना जेवणासकट. लोरेनने आम्हालाही बोलावलं, पण तिचा चेहरा उतरलेला होता. तिला माइकची भीती वाटायची. मागच्या सभेत ती दोन वाक्यं बोलून खाली बसली होती. रे मात्र बोलायला लागला की लोक खुर्च्या पुढे ओढतात, असं तीच म्हणाली.

मग चादरीच्या दोरीखाली शिकवणी सुरू झाली. आई उभ्या, लोरेन उभी, कपड्यांचा चिमटा हा माइक. "हॉल पाहू नको," आई सांगत होत्या. "हॉलशी कोणी बोलत नाही. एक माणूस पकड. त्याच्याशीच भांड." मी इंग्रजीत सौम्य करून सांगितलं, "एका व्यक्तीशी संवाद साधा." आईंनी माझ्याकडे रागाने पाहिलं. "मी भांड म्हटलं. भांडच सांगा." त्यांना इंग्रजी थोडं येतं ते असं अडचणीच्या वेळी.

हॉलमध्ये जेवण उत्तम. सरोवरातला भाजलेला मासा, जंगली तांदळाचं सूप, आणि तळलेली पुरीसारखी फुगलेली जाड भाकर. आईंनी ती दोनदा घेतली आणि लोणच्याची उरलेली बाटली टेबलावर फिरवली. माझ्या शेजारी बसलेल्या एका आजोबांनी लोणचं चाखलं, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा चाखलं आणि मला विचारलं, "तू कुठे मत देतोस?"

साधा प्रश्न. मी म्हणालो, इथे व्हिसावर आहे, मत नाही. "मग तुझ्या देशात?" तिथे नाव आहे, पण मत द्यायला जावं लागतं. मतदानासाठी विमानाचं तिकीट कोण काढतो? आजोबांनी मान हलवली. "म्हणजे कुठेच नाही," असं ते म्हणाले, टोमणा म्हणून नाही, मी रस्ता चुकलोय असं एखाद्याने काळजीने सांगावं तसं. मी सूपमध्ये बघत बसलो.

रे खरोखर छान बोलला. विनोद केले, नवीन दवाखान्याचं सांगितलं, स्वतःच्या जुन्या ट्रकवर हसला. टाळ्या झाल्या. मग लोरेन उठली. माइकजवळ गेली आणि गप्प. खुर्च्या करकरल्या. कोणीतरी खोकलं. इराने माझा हात घट्ट धरला. आई पुढे झुकून, ओठांनी नुसतं म्हणत होत्या: एक माणूस, एक माणूस.

लोरेनने सगळ्या हॉलवरून नजर फिरवली आणि ती पहिल्या रांगेतल्या भावावर थांबली.

"रे," ती म्हणाली, "मार्चमध्ये तू मला फोन केलास. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेशील का म्हणालास. मी म्हटलं, माझी उद्याची शिफ्ट मला माहीत नाही. तू चिडलास. म्हणालास, तुला आईपेक्षा काम मोठं. आठवतं?"

रे खुर्चीत सावरून बसला.

"ते वेळापत्रक तुमचं कौन्सिल चालवतं, रे. तू माझ्यावर नाही, स्वतःवरच चिडला होतास. फोन फक्त मला लावलास."

आधी एका कोपऱ्यात हसू फुटलं, मग सगळा हॉल हसला, रेसुद्धा. पण हसू ओसरलं तेव्हा त्याची मान खाली होती. मागच्या रांगेतून एक बारीक म्हातारा आवाज आला, "अपॉइंटमेंट अजून घेतलेली नाही!" ती त्यांची आई. पुन्हा हशा.

लोरेन आणखी पाचेक मिनिटं बोलली. सरळ भावाशी. लोक खुर्च्या पुढे ओढत होते.

सोमवारी दुपारी टायर आला. बसवण्यासकट दोनशे डॉलरच्या आत. लोरेन कामावर होती, तरी बाहेर येऊन आईंना मिठी मारून आणि माझा नंबर घेऊन गेली. चादरीवर फिकट पिवळा डाग राहिलाच होता. ती म्हणाली, ही आता माझ्या घरी जाईल. परतीच्या रस्त्यावर रंग आणखी गडद झाले होते. मी पुलावर बाहेरची लेन धरली. आई बोटांवर मतांचा हिशोब लावत होत्या.

निकाल मला फोनवर कळला. लोरेन हरली, फार थोड्या मतांनी. आई त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. केतकी म्हणाली, "अगं, तू ओळखतेस तरी का तिला नीट?" आई म्हणाल्या, "हरलेल्या बाईला ओळखायला काय लागतं?" आणि खोलीत निघून गेल्या.

त्या आठवड्यात ऑफिसची मोठी मीटिंग होती. दरवेळी शेवटी विचारतात, कोणाला प्रश्न? आणि आम्ही सगळे व्हिसावाले म्युटवर पुतळ्यासारखे बसतो. आमच्या टीममधले दोघे मागच्या महिन्यात अचानक दिसेनासे झाले होते आणि त्यांचं काम कोणी करायचं हे कोणी बोलत नव्हतं. मी म्युट काढलं. हॉल पाहिला नाही, स्क्रीनवरचा डायरेक्टरचा एक चौकोन पाहिला आणि विचारलं. आवाज फाटला. उत्तर आलं, "ग्रेट क्वेश्चन, आपण यावर वेगळं बोलू." अजून बोललेले नाहीत. पण त्या दुपारी पुण्याच्या, हैदराबादच्या, कुठल्या कुठल्या लोकांनी मला खासगीत अंगठे पाठवले. अंगठ्यांनी काही होत नाही. तरी बरं वाटलं. प्रवासातून माझ्याकडे राहिलं ते एवढंच, आणि फोनमधले झाडांचे शंभरेक फोटो, जे सगळे एकसारखे दिसतात.

आई परत जायच्या आदल्या दिवशी लोरेनचा व्हिडिओ कॉल आला. नव्या कौन्सिलच्या पहिल्याच बैठकीत रेने ठराव आणला होता: शिफ्ट एक आठवडा आधी जाहीर व्हायला हवी. मंजूर झाला. आईंनी टाळ्या वाजवल्या, इराने सोफ्यावर उडी मारली.

"थांबा," लोरेन म्हणाली. "वेळापत्रक बनवायचं काम त्याने मला दिलं. आता सगळ्यांना रविवारी सुट्टी हवी आहे. माझी चुलतबहीण माझ्याशी बोलत नाही. स्वयंपाकघरातले दोघं माझ्याविरुद्ध सह्या गोळा करतायत."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. पण आईंनी चष्मा लावून खुर्ची कधीच पुढे ओढली होती.

"प्लीज नोट," त्या म्हणाल्या, "फर्स्ट, हू इज साइनिंग?"