बॉनेटवरचं कुंकू
परवा दसऱ्याला आमच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीची पूजा करताना कुंकवाचं बोट नेमकं कुठे टेकवावं तेच मला कळेना. पुढून सगळी सपाट, ना जाळी, ना क्रोमची पट्टी, दारांच्या मुठीसुद्धा पत्र्यात दडवलेल्या. तेव्हा अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या पहिल्या घरासमोर राहणाऱ्या म्हाताऱ्या अमेरिकन काकांची गाडी आठवली. पांढरीशुभ्र, होडीसारखी लांबलचक, मागे माशासारखे उंच पंख आणि नाकावर चांदीचा पक्षी. काका दर शनिवारी ती मऊ फडक्याने पुसत बसायचे. नागपूरहून आलेली आई म्हणाली होती, "हिला तोंड आहे रे, बघ कशी हसते!" त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी मी झेंडू आणायला घरात गेलो, तेवढ्यात तिने रस्ता ओलांडून त्या बॉनेटवर ओल्या कुंकवाचा टिळा लावला. काका धावत आले, पुसू लागले, पण जुन्या रंगात गुलाबी डाग मुरलाच. मग मी आईला रागावलो, तेही इंग्रजीत, म्हणजे काकांना कळेल. अडाणी म्हणालो, आणखीही बरंच काही. शेवटी काकाच म्हणाले, "इट्स ओके, लेट हर बी." आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन घरात गेली. आता ती नाही. नव्या गाडीवरचं कुंकू मी एका फडक्यात पुसलं, काही उरलं नाही. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून एरवी ती मला प्रत्येक नव्या शब्दाचा अर्थ विचारायची. त्या दिवशी तिने एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाही.