विमानं हवेत असताना

शांतवन साळवे गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी कोल्हार येथे राहत्या घरी वारले. वय एकोणसत्तर. कारण हृदयविकार. त्यांच्या मुलीने, सुवार्ताने, मला फोन केला तेव्हा मी राहुरीजवळ एका रास्ता रोकोच्या बातमीसाठी उभा होतो. सवयीने मी तिला पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता?" ती म्हणाली, "दादा, बातमी नाही सांगत मी." शांतवन साळवे माझे सख्खे मामा होते.

नौदलातली त्यांची बरीचशी नोकरी एका विमानवाहू जहाजावर गेली. ते जहाज आता नाही, मोडीत निघालं. जहाजाच्या सपाट माथ्यावर, म्हणजे डेकवर, पिवळं जॅकेट घालून उभं राहायचं आणि लढाऊ विमानांना हातांच्या खुणांनी चालवायचं, हे त्यांचं काम. वैमानिकाला कॉकपिटमधून चाकं दिसत नाहीत, डेकची कडा दिसत नाही. त्याला फक्त समोरच्या माणसाचे हात दिसतात. एका माणसाची हद्द संपली की तो दोन्ही हात पुढच्या पिवळ्या जॅकेटवाल्याकडे रोखतो आणि वैमानिकाची नजर तिकडे गेली, हे पाहिल्यावरच हात खाली घेतो. मामांनी हे कोल्हारच्या एसटी स्टँडवरही पाळलं. मला सोडायला आले की बस वळून पुलावर जाईपर्यंत हलायचे नाहीत, आणि नगरला कोण उतरवून घेणार आहे, हे तीनदा विचारायचे.

निवृत्त होऊन ते गावी आले, पण बसले कधीच नाहीत. जेवतानाही एक पाय उंबऱ्याकडे. कान अर्धे गेले होते, त्यामुळे बोलण्यापेक्षा हात जास्त चालायचे. झोपेतही चालायचे, असं मामी सांगायची. मामी, म्हणजे पुष्पाबाई, मूळची राहुरी तालुक्यातली. "देवानं दोन हात कामाला दिलं, ह्ये पंख्यावानी फिरवत्यात," असं ती त्यांच्यासमोर म्हणायची. ऐकू आलं नसलं तरी ते हसायचे. उसाच्या हंगामात चर्चच्या बोळात एक ट्रॉली मागे घेताना ट्रॅक्टरवाल्या भाऊसाहेबला त्यांनी खुणा केल्या. डेकवर मिटलेली मूठ म्हणजे ब्रेक दाब. भाऊसाहेबला वाटलं, जोर लाव म्हणतात. चर्चच्या कुंपणाची भिंत आडवी झाली. मामांनी ती स्वतःच्या हाताने पुन्हा बांधली. भिंत पूर्ण होईपर्यंत येणारा-जाणारा विचारायचा, "साळवे, इमान देवळात उतरवलं व्हय?" आणि मामी आतून उत्तर द्यायची, "इतकी वर्सं समिंदरात उभं ऱ्हाऊन एवढंच शिकून आलेत!"

मामीने ते जहाज कधी पाहिलं नव्हतं. एकदा संधी आली होती. खलाशांच्या कुटुंबांना एक दिवस समुद्रात नेण्याचा कार्यक्रम होता. मामी लहानग्या सुवार्ताला घेऊन मुंबईत गोदीच्या फाटकापर्यंत गेली आणि तिथूनच परतली. मामांच्या सांगण्यानुसार पोरीला ताप होता. घरात इतकी वर्षं हीच हकिगत चालत आली होती.

यंदा उन्हाळ्यात मामांच्या मोबाईलवर निरोप आला. जुन्या डेकवाल्यांना पावसाळ्यानंतर नवं जहाज दाखवणार होते, सहकुटुंब. मामांनी तिथल्या तिथे दोघांची नावं कळवली. त्यांचं हृदय तोवर निम्म्या ताकदीने चालत होतं. जहाजावरचे जिने चढायचे नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मामा म्हणाले, "मग ही जाईल सुवार्तासंगं. मी खाली धक्क्यावर बसंन." मी त्या दिवशी तिथेच होतो. मामी भाकरी थापत होती. ती थांबली नाही. पाठमोरीच म्हणाली, "मी न्हाई जानार. तवाबी मला जायचंच न्हवतं. ताप-बीप काय न्हवता पोरीला."

मामांना ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य मला मोठ्याने पुन्हा म्हणावं लागलं...

पुढचं मामीने सांगितलं, तवा उतरवून. कुटुंबांच्या त्या कार्यक्रमाच्या आदल्या वर्षी तिचे वडील वारले. जहाजावर तार केली. मामा आले नाहीत. मातीला नाही, नंतरच्या प्रार्थनेलाही नाही. माहेरी जो तो विचारत होता, जावई कुठं हाय? "मी काय सांगायचं? तार पोचली म्हून पोस्टातनं कळलं व्हतं. तार पोचती आन मानूस न्हाई पोचत? त्याच दिशी ठरवलं, त्या जहाजावर पाय ठेवनार न्हाई." हे तिने इतक्या वर्षांत प्रथमच बोलून दाखवलं होतं. तिचा आवाज चढला नाही.

मामा उठले, अंगणात गेले, परत आले, पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला दारात उभे राहून त्यांनी त्यांच्या बाजूची हकिगत सांगितली. डेकवरच्या माणसाला विमानं हवेत असताना घरची वाईट बातमी द्यायची नाही, असा जहाजावर रिवाज होता. मन दुसरीकडे गेलेल्या माणसाचे हात वैमानिकाला समुद्रात घालू शकतात. तार सकाळी आली. ती अधिकाऱ्याच्या खिशात राहिली. मामा डेकवर उभे राहून एकामागून एक विमान उतरवून घेत होते. शेवटचं विमान साखळ्यांनी बांधल्यावर तार त्यांच्या हातात पडली, आणि तेव्हा जहाज किनाऱ्यापासून कित्येक दिवसांच्या अंतरावर होतं. हा लेखी नियम होता की त्या अधिकाऱ्याचा निर्णय, याची खातरजमा मी करू शकलो नाही. त्यांच्या जुन्या सोबत्यांपैकी दोघांना मी विचारलं. एक म्हणाला, असंच असायचं. दुसऱ्याला आठवत नव्हतं.

"मंग सांगितलं का न्हाई?" मामीने विचारलं.

"मला वाटलं, तुला ठावं हाय."

"मला कोन सांगनार? मासं?"

त्या दुपारी घरात कुणी नीट जेवलं नाही. मामी नंतरही जायला तयार झाली नाही. तिचं म्हणणं साधं होतं: बाप गेला तेव्हा हा माणूस समुद्रात होता, हे तिला आधीही माहीत होतं, आता कारण कळलं म्हणून बाप परत येत नाही. मामा तिला पुन्हा काही म्हणाले नाहीत. पण त्यांची अस्वस्थता वाढली. पावसाळाभर ते प्रवरेच्या पुलापर्यंत चालत जायचे आणि लगेच वळायचे. डॉक्टरांनी चालणं कमी करायला सांगितलं, तर अंगणात फेऱ्या सुरू केल्या.

आमची शेवटची भेट नगरच्या दवाखान्यात झाली. ते पलंगाच्या कडेला बसले होते, पाय खाली सोडून, हाताला सलाईनची नळी. मी म्हटलं, "मामा, पडून राहा जरा." ते म्हणाले, "पडून काय करू?" मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "तिला जहाज दाखवायचं न्हवतं रे मला. त्या दिशी मी कुठं उभा व्हतो, तेवढं दाखवायचं व्हतं. बाप मातीआड व्हत व्हता तवा. जागा बघितली आसती तर..." वाक्य पुरं झालं नाही. नर्स औषध घेऊन आली आणि त्यांनी मला निघायची खूण केली. पुढच्या आठवड्यात ते घरी आले, आणि त्यानंतरच्या मंगळवारी वारले.

दवाखान्यातलं हे बोलणं मी मामीला मातीच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. घरात माणसं होती, पाळक आले होते, चहा फिरत होता. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आसं म्हनाले?" मी हो म्हटलं. ती चहाचे कप गोळा करायला लागली.

गेल्या आठवड्यात सुवार्ताचा फोन आला. मामीने स्वतःच तिला विचारलं होतं की त्या कार्यक्रमातलं आपलं नाव अजून आहे का. नाव होतं. दोघी एसटीने मुंबईला गेल्या. डेकवर फोटो काढायला परवानगी नव्हती, त्यामुळे पुढचं सगळं सुवार्ताने सांगितल्यावरून.

जिना मामीने कठडा धरून, मध्ये दोनदा थांबून चढला. वर डेक खरखरीत आहे, हे तिने पायाने चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "टाकी लावलेल्या जात्यावानी हाय की." माहिती देणारा खलाशी विमानांबद्दल सांगत होता. मामीने त्याला मध्येच थांबवलं. "बाळा, पिवळं जाकीटवाला कुठं उभा ऱ्हातो?" खलाशी मराठी होता. तो म्हणाला, "आजी, एक जागा नसते. विमान तसं फिरावं लागतं. आणि हे जहाज वेगळं आहे." मामी म्हणाली, "मला ठावं हाय. तरी दाव." त्याने आजूबाजूला पाहिलं, थोडं चालत नेलं आणि एक जागा दाखवली.

मामी तिथे उभी राहिली. वारा होता, तिने पदर दातात धरला होता. बाकीचे पाहुणे दुसरं विमान पाहायला पुढे गेले. सुवार्ताने हाक मारली, तेव्हा मामीने तिला हातानेच थांब म्हणून सांगितलं. नंतर सगळ्यांना खाली यायची सूचना झाली. डेकवरून उतरणाऱ्या पाहुण्यांत पुष्पाबाई साळवे शेवटच्या होत्या.