देवघराचं आरपार दार

सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला आणि त्यांचा मुक्काम हॉलमधल्या कॉटवर आला. समोरच देवघर, पण दार बंद. पूजा झाली की दार लावायचं, देवांनाही निवांतपणा हवा, हा नियम त्यांचाच. पूजेपुरतं उघडायचं, तर मध्ये माझी पाठ. दर्शनाशिवाय त्यांना घास उतरेना. ताट चिवडून सरकवायच्या आणि दिवसभर गप्प पडून राहायच्या. मला त्या गप्प राहण्याची भीती वाटायला लागली होती.

मी म्हटलं, दार उघडंच ठेवू. तर त्यांचं एकच, नियम मोडायचा नाही. आमचे हे म्हणाले, काच बसवू.

"काचंत ठेवायला ते काय दुकान हाय?" सासूबाई म्हणाल्या. "देवघर लाकडाचंच पाहिजे."

झालं. अंबडच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या माणसाला एवढं पुरे होतं. यांनी मोबाइलवर शोधून काढलं की लाकूडच पारदर्शक करता येतं. लाकडाला रंग देणारा अंश रसायनात उकळून काढायचा आणि रिकाम्या जागी काचेसारखं घट्ट होणारं रेझिन मुरवायचं. माझं माहेरचं पातेलं त्या कामी आलं. गच्चीवर पातळ फळी शिजायला लागली तेव्हा आम्ही दारू गाळतोय अशी सोसायटीची खात्री पटली. फळी तांदळाच्या पापडासारखी पांढरी पडली. मग फ्रिजवाल्याकडून पंप आणून तिच्यातली हवा ओढली, रेझिन आत शिरलं, आणि खरोखर फळीतून यांचं बोट दिसलं. नखासकट. स्वतःचं बोट दिसल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुणाला झालेला पाहिला नाही.

त्या फळीचं दार बसवलं. आत नुसता पिवळा उजेड. लाकडाला टेकलेलीच वस्तू स्वच्छ दिसते, जरा मागची धूसर होते, हे तेव्हा कळलं. प्रकाश कसा विखुरतो ते हे आईला समजावू लागले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी मागच्या रांगेतला बाळकृष्ण उचलून पुढे आणला, दाराला टेकेल असा बसवला आणि दार लावलं. नियमात बसत होतं.

सासूबाईंनी हात जोडले. बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "वाळलाय गं हा. नैवेद्य येळेवर दाखवते ना?"

पडल्यापासून त्यांनी मला एका शब्दानं नावं ठेवली नव्हती. मला रडूच आलं. तशीच उठून शिरा करायला घेतला. त्यांनी वाटीभर खाल्ला, वर आणखी मागून घेतला आणि साखर जास्त झाली म्हणाल्या.