वाफेतला कागद

हॉटेलच्या लाँड्रीत माझ्या इस्त्रीच्या टेबलासमोर भिंतीवर एक कागद चिकटवलेला असतो. क्रोएशियन भाषेतलं 'असणे' हे क्रियापद मी त्यावर उतरवलंय: मी आहे, तू आहेस, ती आहे, आम्ही आहोत. चादरींना इस्त्री करता करता पाठ होईल, असं वाटलं होतं. पण इथे दिवसभर वाफ. आठवड्यात शाई पसरते आणि मी पुन्हा पहिल्यापासून लिहिते. पाच महिने झाले, मी अजून 'आहे'पाशीच आहे.

सांगलीत मी न शिकताच 'होते'. इथे बेचाळिसाव्या वर्षी तेवढंही घोकावं लागतं. कुणी काही विचारलं की बरोबर रूप आठवेपर्यंत माणूस पुढे निघून जातो. मग मी नुसती हसते. संध्याकाळी पायांपेक्षा गालच जास्त दुखतात.

आज सकाळी आले तर कागद नवा होता. अक्षर माझं नव्हतं. गोल, ठसठशीत होतं. शेजारच्या टेबलावरची यास्ना, साठीची बाई, कमरेला पट्टा बांधून एकटीच मोठ्या चादरीची घडी घालत होती. तिनं वर बघितलंही नाही. ओळी सगळ्या माझ्याच होत्या, पण तळाशी तिनं एक जास्तीची लिहिली होती. "उमोर्ने स्मो." त्यातला पहिला शब्द काम संपताना रोज तिच्याच तोंडून ऐकलेला, दुसरा माझ्याच यादीतला 'आहोत'. भाषेचं पुस्तक उघडावं लागलं नाही.

दमलो गं आपण.

मी जाऊन चादरीचं दुसरं टोक धरलं.